पेन्सिलीने लिहिलेलं नाव

वाराणसी
१८ ऑक्टोबर १९९८

ति. पप्पांस,

प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र लतिका वाचून दाखवत असणार. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि ऑपरेशनचं नाव काढलं की तुम्ही "बघू" म्हणता, हे तिनेच कळवलं. लते, माझी बहीण ना तू, एकही ओळ गाळू नकोस आणि मधे स्वतःचं काही घालू नकोस.

लग्नानंतर मी तीन पत्रं पाठवली होती. उत्तर आलं नाही, मग मीही हट्टाला पेटले. त्याला आता चार वर्षं होतील. हट्ट माझ्यात कुणाकडून आला ते तुम्हाला सांगायला नको.

इनासची बँकेतून इकडे बदली झाल्याला दीड वर्ष झालं. "काशीस जावे नित्य वदावे" असं लोक नुसतं म्हणतात, आम्हाला बँकेनेच पाठवलं. सिगऱ्याला दोन खोल्या आहेत, वर गच्ची आहे, गच्चीवर माकडं आहेत. कस्तुरी तीन वर्षांची झाली. ती तुमच्यासारखी हनुवटी पुढे काढून बोलते, आणि हिंदीत बोलते.

आता कामाचं. माझा बाप्तिस्मा तुम्ही कधी, कशा रीतीने आणि कोणते शब्द म्हणून केलात, एवढं चार ओळींत लिहून खाली सही करून पाठवा. इथल्या चर्चला कागद हवा आहे. कशासाठी ते विचारू नका. पाळकाच्या मुलीला बाप्तिस्म्याचा दाखला मागावा लागतो याचं मलाही हसू येतं.

तुमची,
बकुळ


वाराणसी
२२ नोव्हेंबर १९९८

ति. पप्पांस सलाम.

तुमचं उत्तर नाही, पण लतिकाचं आलं. तुम्ही माझं पत्र दोनदा वाचायला लावलंत आणि मग न बोलता बाहेर जाऊन बसलात, जेवायलाही उशिरा आलात, असं तिने लिहिलंय. तुम्ही रागावलात असं तिला वाटतं. मला तसं वाटत नाही. रागावलात की तुम्ही बोलता, आणि भरपूर बोलता.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मला इनासच्या चर्चमध्ये जायचं आहे. म्हणजे जाते तर मी दर रविवारी, पण मिस्सेच्या उपासनेत परमप्रसादाची पवित्र भाकर घ्यायची वेळ आली की सगळे रांगेत उभे राहतात आणि मी त्यांच्यातली नाही म्हणून बाकावर बसून राहते. बाक मोकळा होतो आणि मी एकटी दिसते. परवा कस्तुरीने मोठ्याने विचारलं, "मम्मी, तुमने क्या किया?" पुढच्या तीन रांगांनी मागे वळून पाहिलं.

रोमन कॅथलिकांचं सगळं मला पटलंय असं समजू नका. पटलेल्या गोष्टी आणि न पटलेल्या गोष्टी लिहून काढल्या तर न पटलेल्यांचा कागद लांब होईल. पण तेवढ्यासाठी कायम बाकावर बसायचं का, हे मला कळत नाही.

इथले फादर चाको केरळचे, साठीचे, हिंदी फार जपून बोलणारे. त्यांनी सांगितलं की बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, दुसऱ्या मंडळीत झालेला असला तरी तो खरा, आणि तो पुन्हा करायचा नसतो. मला फार बरं वाटलं. मग ते म्हणाले, "लेकिन कागज़ लाइए. पानी था, शब्द थे, इतना कोई लिख दे." मी म्हटलं, मी सांगते ना, माझे वडील पाळक आहेत. ते हसले. "आप तो तीन महीने की थीं. आपको क्या याद?"

स्वतःच्या बाप्तिस्म्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं, दुसऱ्याच्या सांगण्यावरच विश्वास ठेवलेला असतो, हे माझ्या आजवर ध्यानात आलं नव्हतं.

कागद मिळाला नाही तर काय, हेही मी विचारलं. तर ते माझ्या डोक्यावर पाणी घालून म्हणणार, "तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर मी तुझा बाप्तिस्मा करतो." असं खरोखरच त्यांच्या विधीत आहे. मी घरी येऊन इनासवर चिडले. ज्या माणसाने सगळा जिल्हा पायी तुडवून लोकांचे बाप्तिस्मे केले, त्याने स्वतःच्या मुलीचा केला की नाही याला "तर" लावायचा? मला हे चालणार नाही. ईस्टरच्या आत तुमचा कागद हवा. लतिकाला आपल्या मंडळीच्या नोंदवहीतल्या पानाचा झेरॉक्सही पाठवायला सांगितलं आहे.

इनास म्हणतो, ज्या गावात माणसं सकाळी उठून गंगेत उड्या मारतात, तिथे तुझं घोडं तांब्याभर पाण्यावर अडलंय.

बकुळ


वाराणसी
२७ डिसेंबर १९९८

ति. पप्पांस,

नाताळचा सलाम. तुमच्या नाताळच्या उपदेशाची मला आठवण झाली. तो लांब असायचा हेही आठवलं.

झेरॉक्स मिळाला. २९ एप्रिल १९७३, रविवार. अकरा मुलांची नावं तुमच्या अक्षरात आहेत. दहा ठसठशीत आहेत, अकरावं इतकं पुसट की फादर चाकोंनी भिंग काढलं. "यह क्या, पेंसिल?" मी म्हटलं, झेरॉक्स वाईट निघालाय. लतिकाला पुन्हा विचारलं, तर तिने वही स्वतः पाहिली. माझं नाव खरंच पेन्सिलीने लिहिलंय. पप्पा, तुम्ही तर वाण्याची यादीसुद्धा शाईने लिहायचात. आता मला दाखल्यापेक्षा त्या पेन्सिलीचंच जास्त कुतूहल वाटतंय.

एक वेगळी हकिगत सांगते, ती ऐकून तुम्ही नाक मुरडाल. दुर्गाघाटावर दिनानाथशास्त्री म्हणून मराठी वैदिक राहतात. चार-पाच पिढ्या इथेच गेल्या. त्यांचं खातं इनासच्या बँकेत आहे. काउंटरपलीकडचा माणूस मराठी बोलतो हे कळल्यावर त्यांनी आम्हाला दिवाळीच्या फराळाला बोलावलं आणि तेव्हापासून आमचं जाणं-येणं आहे. त्यांच्या पत्नी सीताकाकू मला ज्या कपात चहा देतात तो वेगळ्या कोनाड्यात ठेवतात. मला ते दिसतं. मी तरी त्याच कपातून पिते. तुम्ही असतात तर उठून आला असतात, हे लिहिताना मला थोडी लाजही वाटते आहे.

पण मी जाते ते एका गोष्टीसाठी. सकाळी त्यांच्याकडे चार विद्यार्थी वेद म्हणतात आणि समोर पुस्तक नसतं. मी शास्त्रीबुवांना विचारलं, पोथी का नाही? ते म्हणाले, "अहो, पोथीचा काय भरोसा? पोथीला दीमक लागते. तोंडाला नाही लागत." त्यांच्यात पुस्तकात बघून म्हणणारा सगळ्यात खालचा. गुरूच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच खरं. मला आपल्या घरातली रोजची प्रार्थना आठवली. तिथे पुस्तक उघडल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही.

मी विचारलं, "आणि गुरूच चुकला तर?"

"टोकतात ना. मी यांना टोकतो, हे मला टोकतात. एक चुकेल, दोन चुकतील. सगळे एकाच जगह कसे चुकतील?"

हे ते बोलत होते आणि त्या आधी पाचच मिनिटं काय झालं ते मी पाहिलं होतं. म्हणताना ते एका ठिकाणी घसरले. चौघांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं तरी धीर झाला नाही. आत सीताकाकूंनी झारा कढईवर दोनदा वाजवला. शास्त्रीबुवा थांबले, मागे गेले आणि ते पुन्हा बरोबर म्हणाले. काकूंना वेद म्हणायचा अधिकार नाही, कुणी कधी शिकवलेला नाही. बेचाळीस वर्षं पोळ्या लाटताना ऐकून ऐकून सगळा कानात बसलाय. निघताना मी त्यांना त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "मला काय कळतंय? कढईला काही लागलं होतं."

पप्पा, ज्याच्याकडे अधिकार असतो तोच राखण करतो असं नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं. पुढे काय ते अजून कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर सांगा.

तुमच्या आजोबांची गोष्टही आठवली. देवळाबाहेर उभं राहून नुसतं कानावर पडलं तरी त्यांना हाकलत असत. मग एका मिशनरी साहेबाने त्यांच्या हातात छापलेलं पुस्तक ठेवलं आणि म्हटलं, घे, तूच वाच. त्यांनी अक्षर शिकून घेतलं ते त्या एका पुस्तकासाठी. मधे कुणी भट नको, कुणाची परवानगी नको. ही गोष्ट तुम्ही आम्हाला शंभरदा सांगितलीत. दुर्गाघाटाच्या त्या बोळातून परत येताना मला ती पहिल्यांदा पुरी कळली. तुम्ही पुस्तक का सोडत नाही ते कळलं. इनासच्या फादरांचं नाव काढलं की तुमच्या कपाळाची शीर का उठते तेही.

कागद पाठवा.

बकुळ


वाराणसी
७ फेब्रुवारी १९९९

ति. पप्पांस,

तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं हे ऐकून बरं वाटलं. लतिका लिहिते, ती किती मागे लागली तरी माझ्या पत्राचं उत्तर तुम्ही तिला सांगून लिहवून घेत नाही. "मी लिहीन" म्हणता आणि लिहीत नाही.

आता उरलेलं सांगून टाकते. फादर चाकोंना मी सांगितलंय की मी रोमन मुलाशी लग्न केलं म्हणून वडिलांनी बोलणं टाकलं. लतिकाही तेच समजते. मंडळीही तेच समजते. ते खरं नाही हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. लग्नाचं तुम्ही हळूहळू गिळलं असतं.

त्या रविवारी बायबलच्या वर्गात तुम्ही म्हणालात, "जे शास्त्रात नाही ते आम्ही मानणार नाही." मी मागच्या बाकावरून विचारलं, "पप्पा, हे शास्त्रात कुठे लिहिलंय? जे शास्त्रात नाही ते मानायचं नाही, असं शास्त्रात कुठल्या अध्यायात आहे?" साठ माणसं होती. मंडळीचे पंच होते. तुम्ही पानं उलटलीत. एक वचन वाचलंत, दुसरं वाचलंत, मग म्हणालात, हे नेमकं तेच नाही. आणखी पानं उलटलीत. मग पुस्तक मिटून ठेवलंत आणि गीत लावलंत. गीत चालू असताना तुम्ही गात नव्हतात.

पप्पा, तो प्रश्न माझा नव्हता. इनासने मला आदल्या आठवड्यात घातलेला होता आणि मी रात्रंदिवस त्यावर चिडत होते, कारण मला उत्तर येत नव्हतं. तुमच्याकडे असेल अशी माझी खात्री होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. तुम्हाला लोकांसमोर पाडायचं माझ्या मनात नव्हतं. उत्तर मात्र हवं होतं, हे आजही नाकारत नाही. पण ते मी घरी, जेवताना विचारायला हवं होतं. मला माफ करा. हे लिहायला साडेचार वर्षं लागली.

आणि इनास जिंकला असं समजू नका. गेल्या आठवड्यात मी त्यालाही तसंच गाठलं. तो म्हणत होता, शास्त्रात कुठली पुस्तकं घ्यायची हे तरी कुणी ठरवलं? मंडळीनेच ठरवलं ना? तुमच्यात सहासष्ट, आमच्यात त्र्याहत्तर. मग सात पुस्तकं काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मी म्हटलं, बरं, मंडळीने ठरवलं. मंडळीचे मोठे मोठे धर्मगुरू चुकले नाहीत का कधी? चुकले तर त्यांना कुठल्या पुस्तकाने टोकायचं? कढई कुणी वाजवायची? तो बराच वेळ शर्टाला बटण लावत बसला. वसईची माणसं सरळ असतात. उत्तर नसलं की नाही म्हणतात. "माहीत नाही," म्हणाला. मग मला वाईट वाटलं आणि मी बटण लावून दिलं.

म्हणजे आता आमच्या घरात दोन माणसं आहेत, दोघांकडे एकेक प्रश्न आहे आणि उत्तर एकाकडेही नाही. तरी आम्ही रोज संध्याकाळी प्रार्थना करतो. तुमच्या लाल पेन्सिलीच्या खुणा असलेल्या पुस्तकातूनच करतो. त्याच्या त्र्याहत्तरवाल्यातली अक्षरं फार बारीक आहेत.

ईस्टर चार एप्रिलला आहे. कागद येत नसेल तर तसं तरी लिहा.

बकुळ


वाराणसी
१४ मार्च १९९९

प्रिय पप्पा,

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. अक्षरं बोराएवढी आहेत आणि ओळी उताराला लागल्यात, पण लिहिलंय तुम्हीच. लतिकाला सांगून लिहवून घेण्यासारखं नव्हतं म्हणून डोळा उघडेपर्यंत थांबलात, हे वाचून मला तुमच्यावर केलेल्या सगळ्या त्राग्याची शरम वाटली. लतिका हे पत्र वाचत असेल तर तिलाही आता कळू दे. तुम्ही मला लिहिलंत ते मी खाली तसंच उतरवते, म्हणजे तिला तुमच्या तोंडून काढत बसायला नको.

"चि. बकुळ, प्रभूमध्ये सलाम. तुझा बाप्तिस्मा मी २९ एप्रिल १९७३ रोजी उपासनेत केला. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने, असे पूर्ण शब्द म्हटले. दुष्काळाचं वर्ष होतं, त्या आठवड्यात टँकर आला नव्हता. पंचांनी बाप्तिस्म्यासाठी एक तांब्या पाणी राखून ठेवलं होतं. दहा मुलं झाली. पाळकाचं मूल शेवटी, म्हणून तू अकरावी. तेवढ्यात खडी फोडण्याच्या कामावरची एक बाई दारात येऊन बसली. ती आपल्या मंडळीतली नव्हती. ती काही मागत नव्हती. तांब्याकडे बघत होती. उरलेलं पाणी मी तिला दिलं. ती सगळं प्यायली. मग हातातल्या ओल्या रुमालाने मी तुझं कपाळ पुसलं आणि शब्द म्हटले. लोकांना वाटलं पाणी घातलं. पाण्याची धार पडली नाही. फक्त तुझ्या आईने पाहिलं. ती मरेपर्यंत याबद्दल एक शब्द बोलली नाही.

"पाणी देताना मला शास्त्रातलं एकही वचन आठवलं नाही. सगळी नंतर आठवली. मी हे कधी कुणाला सांगितलं नाही, कारण शास्त्राच्या आधाराशिवाय एक पाऊल टाकू नका असं मी जन्मभर सांगत आलो.

"पाऊस आल्यावर पुन्हा करावा, या विचाराने तुझं नाव पेन्सिलीने लिहिलं. जूनमध्ये पाऊस आला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पहिला झालेला असेल तर पुन्हा करणं पाप आणि झालेला नसेल तर न करणं पाप. मी सव्वीस वर्षं तिथेच उभा आहे. तुझ्या फादरांच्या विधीत 'झालेला नसेल तर' असं म्हणायची सोय आहे, हे तुझ्या पत्रातून समजलं. तू त्यावर रागावली आहेस. मला त्या सोयीचा हेवा वाटला. ती माझ्याकडे असती तर मी जूनमध्येच वापरली असती.

"तुझ्या त्या रविवारच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. रागाने बोलणं सोडलं असं नव्हे. उत्तराशिवाय तुला काय लिहावं ते कळेना. शोधतो आहे. — पप्पा."

हे सगळं तुम्ही एकाच कागदावर पाठपोट लिहिलंत आणि सही अगदी शेवटी केलीत. मला त्यातला अर्धा भाग कापून दाखवता येऊ नये म्हणून. मी तुम्हाला ओळखत नाही का?

पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नाही. फादर चाकोंना मराठी येत नाही. गुरुवारी मी कागद घेऊन गेले, तेव्हा त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि मला परत दिला. "आप पढ़िए. जो आप पढ़ेंगी, मैं मान लूँगा." मी हिंदी करत वाचायला लागले. तारीख झाली, शब्द झाले. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि टेबलावरचं पेन हातात घेतलं. "पानी?" म्हणाले.

पप्पा, मी थांबले. नुसतं "हाँ, पानी था" म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. तांब्यात पाणी होतं. पेन उघडलेलं होतं, सही झाली असती, "तर" टळला असता, आणि तुमचं नाव आयुष्यभर शाईत राहिलं असतं. कुणी मला टोकणार नव्हतं. तुमचं अक्षर आणि त्यांचं मानणं, या दोन्हींच्या मधे त्या खोलीत फक्त माझं तोंड होतं.

मी सगळं वाचलं. बाई वाचली, रुमाल वाचला, हेवा वाचला. हेव्याची ती ओळ मी दोनदा वाचली.

फादरांनी पेनला टोपण लावलं. मग त्यांनी विचारलं, "पानी पीकर वह औरत कहाँ गई?" मला माहीत नव्हतं, तुम्ही लिहिलं नाहीत. मग ते म्हणाले, "पानी बहा नहीं, तो मुझे करना पड़ेगा. लेकिन वह 'अगर' मैं आपके पिताजी के लिए नहीं कहता. मुझे नहीं मालूम, इसलिए कहता हूँ." तुम्हालाही माहीत नाही आणि त्यांनाही माहीत नाही. एकाने पेन्सिलीने लिहिलं, दुसरा "अगर" म्हणतो. मी ज्याच्यावर चार महिने दात खात होते तो शब्द आता मला टोचत नाही. मी हो म्हणून आले.

शनिवारी, तीन एप्रिलला सकाळी साडेआठ वाजता आहे. असा बाप्तिस्मा लोकांसमोर करत नाहीत. फादर, इनास, मी, कस्तुरी, आणि गॉडमदर म्हणून उभ्या राहणाऱ्या एक सिस्टर, एवढेच असू. मी फादरांना विचारलं, साक्षीदार म्हणून दुसऱ्या मंडळीतला माणूस चालेल का? ते म्हणाले, किताब देखकर बताऊँगा. म्हणजे शेवटी तेही पुस्तकच बघतात. आज मिस्सेनंतर त्यांनी मला हाक मारून सांगितलं, "बाप्तिस्मा हुआ ईसाई हो तो गवाह बन सकता है. पिताजी को बुलाइए."

मनमाडला महानगरी एक्सप्रेसमध्ये बसलात की थेट इथे उतरता येतं. लतिकाला घेऊन या. एका डोळ्याने एकटे निघू नका. तुम्ही रोमनांच्या चर्चमध्ये पाऊल टाकलं तर पंच काय म्हणतील, याचा विचार तुम्ही करणारच. त्यासाठी शास्त्रात वचन शोधाल तेही मला माहीत आहे. शोधा, पण गाडीत बसल्यावर शोधा.

मी कस्तुरीला सांगितलंय की आजोबा येणार आहेत. ती गच्चीवर जाऊन माकडांनाही सांगून आली. मी आजवर तिच्याशी खोटं बोललेले नाही. हे खोटं निघतं की खरं, ते आता तुमच्या हातात आहे.

तुमची,
बकुळ